तोंड बांधून धरणं

प्राध्यापक भरतीसाठी चाललेल्या धरण्याच्या बत्तिसाव्या दिवशी मी अकोल्याहून अमरावतीला गेले, ती तोंड बांधूनच. डोळ्यांपर्यंत स्कार्फ, वर गॉगल. उन्हात इकडे सगळ्याच बाया असं बांधतात, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. कडेवर आठ महिन्यांची ओवी. घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं.

मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलाखत, दरवर्षी नवी ऑर्डर. यंदा तास घटले, त्यामुळे मी आणि उज्मा मॅडम, दोघींत एकच जागा. मुलाखत शुक्रवारी. आणि प्राचार्य स्टाफरूममध्ये सहज बोलल्यासारखे म्हणाले होते, "मंडपात कोण बसतं, आम्हाला कळतं हो."

कळतं म्हणजे कुणीतरी कळवतं.

संघटनेचे किसनराव सर माइकवर होते. "भरतीची फाईल मुंबईले गेली म्हणतात!"

मागून कुणीतरी ओरडलं, "चार वर्षं झाले सर, पायी गेली का?"

सगळे हसले. माझ्या शेजारी येऊन बसलेली बाई हसली नाही. तिचंही तोंड बांधलेलं, गॉगल लावलेला. मोबाईल मांडीवर तिरपा, कॅमेरा माझ्याकडे. मी खुर्ची सरकवली, तर मोबाईलही सरकला. पाणी आलं, ते तिनं घेतलं नाही. प्यायला स्कार्फ सोडावा लागला असता. मीही घेतलं नव्हतं, पण माझी गोष्ट वेगळी.

किसनराव सरांना सांगावं म्हणून उठणार, तेवढ्यात ओवीनं तिच्याकडे झेप घेतली. अनोळखी माणसानं नुसतं पाहिलं तरी ही पोरगी रडून गल्ली डोक्यावर घेते. इथं मात्र त्या बाईच्या खांद्यावर गाल टेकवून गप्प.

परीक्षेच्या ड्युटीला मी ओवीला नेलं, की तिला अशी एकच जण घ्यायची.

"उज्मा मॅडम?"

"हळू बोला ना, गावंडे मॅडम! तोंड एवढं कसून बांधलं अन् पोरगी उघडीच आणली. मी तर तुमाले गेटवरच ओळखलं."

"माझा फोटो काढला?"

"काढला."

"कावून?"

"तुमी माझा काढसान म्हणून."

तिनं ओवीला मांडीवर घेतलं आणि भर मंडपात स्कार्फ सोडला. "घ्या, काढा तुमी बी. मंग दोघी चूप."

मी काढला. घामेजलेला चेहरा, मागे मागण्यांचा फलक, सगळं स्पष्ट. तिनं काढलेल्या माझ्या फोटोत मात्र नुसता स्कार्फ होता. ओवीला प्राचार्य थोडेच ओळखतात? म्हणजे तिची जागा माझ्या हातात आणि माझी माझ्याच. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं ओवीच्या मानेवरचा घाम पदरानं पुसला, आणि मीही माझ्या स्कार्फची गाठ सोडली. तिनं पुन्हा फोटो काढला.

शुक्रवारी मुलाखतीला आम्ही एकाच बाकावर बसलो. शिपायानं आधी तिचं नाव पुकारलं.

"फोटो आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. तुमच्याकडे?"

"आहे."

एरवी ती आत जाताना पर्स माझ्यापाशी ठेवते. आज सोबत घेऊन गेली.