मंडळाची शांती

मित्रांनो, मी एक म्हातारी तरस आहे. माझ्या अंगावरचे काळे पट्टे आता विटले आहेत आणि मागचा एक पाय जमिनीला टेकत नाही. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलेही असेल. चिंचवड, चिखली, चाकण अशा गावांच्या शाळांतून एके काळी मला मिरवत नेत असत. तेव्हा माझे नाव शांती होते.

माझा जन्म चिखलीच्या पलीकडे, एका टेकडीच्या कपारीत झाला. त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले होते आणि त्यांना खडी हवी होती. एका सकाळी आमच्या टेकडीला सुरुंग लावला. आई आणि माझी भावंडे आतच राहिली. मी कपारीच्या तोंडाशी ऊन खात पडले होते, म्हणून वाचले.

खडी फोडणाऱ्या गोजाबाईने मला धूळ झटकून पदरात घेतले.

"कुत्र्याचं न्हाई हे. तरसाचं हाय," ती म्हणाली.

"मग टाकून दे की! मढी उकरणारं जनावर ते!" बाकीच्या बाया ओरडल्या.

तिने टाकले नाही. पण तिच्या झोपडीत मी फार दिवस राहिले नाही, कारण मंडळाला बातमी लागली.

मंडळ म्हणजे मुळा-इंद्रायणी वन्यप्राणी रक्षक मंडळ. त्याचे अध्यक्ष बबनराव. नदीकाठी त्यांचा बंगला होता आणि दिवाणखान्यात त्यांनीच मारलेल्या सांबरांची शिंगे टांगलेली होती. "मी पुष्कळ मारली, आता राखायची ठरवली आहेत," असे ते भाषणात सांगत आणि लोकांचे डोळे पाणावत. चिटणीस लक्ष्मणराव वकील होते. उपाध्यक्षा शालनबाई खादीची साडी नेसत. रस्त्यात लंगडी शेळी दिसली तरी त्या टांगा थांबवत. माझे नाव त्यांनीच ठेवले.

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. आरंभी त्यांनी माझे फार लाड केले. शालनबाई मला बाटलीने दूध पाजत. बबनराव मला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचत. त्यांच्या कोटाला तंबाखूचा वास येई आणि त्या वासात मला गाढ झोप लागे. मंडळाची मंडळी मला शाळाशाळांतून नेत. मुले माझ्या पाठीवर हात फिरवत. "पाहा, ज्याला तुम्ही दगड मारता ते जनावर किती गरीब आहे!" असे बबनराव म्हणत. तेव्हा मला वाटे, आपण काहीतरी मोठे काम करतो आहोत.

पण मी वाढले. तरसाचा जबडा हाडे फोडण्यासाठीच असतो. मेलेल्या गुरांची हाडे फोडून आतला मगज खाणे, हेच आमचे जगणे. एकदा बंगल्यावर पाहुणे जेवायला आले असता कुणीतरी माझ्यापुढे बैलाच्या मांडीचे हाड टाकले. मी ते एका दाबात फोडले. काडकन आवाज झाला आणि पाहुण्यांपैकी एक बाई किंचाळून खुर्चीवर चढल्या.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मंडळाची बैठक भरली. मी टेबलाखाली शालनबाईंच्या पावलावर डोके ठेवून पडले होते. त्यांचे सगळे बोलणे मला ऐकू येत होते.

"उद्या शाळेत कुणाचा हात चावला तर मंडळच बुडेल," लक्ष्मणराव म्हणाले. "जनावर गरीब आहे असं आपण सांगतो. मग ते गरीब असायला हवं."

"दात काढून टाकू," बबनराव शांतपणे म्हणाले.

शालनबाईंचे पाऊल हलले. "अहो, पण भूल देऊन ना? पुण्याचे डॉक्टर बोलवा."

"डॉक्टर शंभर प्रश्न विचारतील. आपला चांदभाई नालबंद आहे की. घोड्यांचे दात तोच घासतो. आणि बाई, जनावरांना आपल्यासारख्या वेदना होत नसतात."

"ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत," लक्ष्मणराव म्हणाले.

 शालनबाईंनीही हात वर केला. दुसऱ्या हाताने त्या माझे कान कुरवाळीत होत्या.

चांदभाई घोड्यांना नाल मारणारा माणूस. तो आला, त्याने माझे तोंड उघडून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, दाढा निघायच्या नाहीत. छिन्नी लावावी लागेल."

"लाव," बबनराव म्हणाले.

माझे चारही पाय बांधले आणि जबड्यात लाकडी ठोकळा अडकवला. बबनरावांनी स्वतः माझे डोके धरले. तोच तंबाखूचा वास आला, म्हणून मी धडपडले नाही. मग छिन्नीवर पहिला घाव बसला. मी ओरडले तेव्हा आत शालनबाईंनी रेडिओचा आवाज वाढवला. सुळे उपटले. दाढा हिरडीपर्यंत फोडून कानशीने घासल्या. शेवटी चांदभाईने हात धुतले. माझ्याकडे न पाहता आपली पिशवी उचलून तो निघून गेला.

जखमा भरल्यावर मला नवा खेळ शिकवला. टाळी वाजली की मी आ करायचा आणि बबनराव कोपरापर्यंत हात माझ्या तोंडात घालायचे. लोक श्वास रोखून बघत. बबनराव म्हणत, "प्रेम! केवळ प्रेम! हिंस्र पशूसुद्धा प्रेमाने बदलतो." शाळेत मुले नाचत, शिक्षक मंडळाला हार घालत. घरी मला दुधात कालवलेली भाकरी मिळे.

असे बरेच महिने गेले. मग पुण्याहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांनी माझी साखळी पाहून हसत विचारले, "रक्षक मंडळाकडे कैदी कसा हो?"

बबनरावांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की येत्या रविवारी मंडळ शांतीला वनात मुक्त करणार आहे.

पाहुणे गेल्यावर शालनबाई म्हणाल्या, "तिला दात नाहीत. ती खाईल काय?"

"निसर्ग बघून घेईल," बबनराव म्हणाले.

कुरुळीच्या माळावर मांडव घातला. बँड आला, फोटोवाला आला. माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालून साखळी सोडली. मला जायचे नव्हते. मी बबनरावांच्या पायाशी बसून राहिले. तेव्हा त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने, फोटोवाल्याला दिसणार नाही अशा बेताने, माझ्या बरगडीत बुटाची लाथ घातली. मी पळाले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला.

डोंगरात मेलेली गुरे मिळाली. पण मऊ मांस गिधाडे आधीच फस्त करत. उरत ती हाडे. मी ती तोंडात धरून बसे, चाटे आणि टाकून देई. बेडूक, टोळ, सडकी फळे गिळून दिवस काढले. दुसरी तरसे मला हुंगत आणि हाकलून देत. शेवटी माझ्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा मला ठाऊक असलेल्या एकुलत्या एका घराकडे मी निघाले.

बंगल्यावर त्या संध्याकाळी बबनरावांचा सत्कार होता. माझा माळेसकट काढलेला फोटो चौकटीत बसवून टेबलावर ठेवला होता. मी फाटकातून आत शिरले. खुर्च्या पडल्या, लोक पळाले. कुणी घाबरून दोन्ही हात आपटले. मला वाटले, टाळी वाजली. मी बबनरावांसमोर बसले आणि आ केला.

"अहो, ही तर…" पुण्याचे पाहुणे पुढे वाकून माझे तोंड पाहू लागले. "शालनबाई, ही तुमची शांती का?"

शालनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मीही त्यांच्याकडे पाहिले, मित्रांनो, आणि शेपटी हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमची शांती वनात सुखी आहे."

"पिसाळलेलं जनावर आहे. मागे व्हा सगळे!" असे म्हणत बबनरावांनी आतून बंदूक आणली. त्यांचा नेम पूर्वीसारखा राहिला नव्हता. गोळी माझ्या मागच्या पायात शिरली. मी फरफटत नदीच्या काठाकाठाने रहाटणीच्या ओढ्यापर्यंत गेले.

तिथे खाटकाची बायको ताहेरा आतडी धुवायला येई. तिने आधी मला दगड मारला. मी हलले नाही, नुसते तोंड उघडले. तिने आत डोकावून पाहिले आणि ती माझ्यापुढे उकिडवी बसली. "या अल्ला, हे कुणी केलं गं तुझं?" म्हणून तिने फुप्फुसाचा तुकडा सुऱ्याने बारीक चिरून माझ्यापुढे टाकला. तेव्हापासून गेली काही वर्षे ती रोज टाकते. तेवढ्यावर मी जगते आहे.

काल ती आपल्या नवऱ्याला सांगत होती की मंडळाने आता बिबट्याचे पिल्लू आणले आहे. फार गोड आहे म्हणे. बाटलीने दूध पिते.

मित्रांनो, ते पिल्लू तुमच्या शाळेत येईल. शालनबाई ते तुमच्या मांडीवर देतील आणि बबनराव प्रेमावर बोलतील. तुम्ही अवश्य त्याच्या पाठीवर हात फिरवा. पण एवढी माझी विनंती आहे. उभे राहून त्यांना विचारा, "हे मोठे झाल्यावर काय खाईल?" आणि उत्तर मिळेपर्यंत कुणीही टाळ्या वाजवू नका.