अकरा दारांचं पान

धाकटी दुपारी डोळे मिटून बसली की घरच्यांना वाटायचं, पेंगतेय. खरं तर ती तेव्हाही कामावरच असायची. आईचं सुईणपण तिने संगणकावर चढवायला घेतलं होतं. चाळीस वर्षांचं बोलणं, एकेका पानावर थोडं थोडं. पानातला निळा शब्द दाबला की दुसरं पान उघडायचं. मिटल्या डोळ्यांनी ती त्या पानांतून हिंडायची, कळांमधून श्वासात, श्वासातून पहिल्या रडण्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. आईला मात्र हल्ली कालचंही आठवत नव्हतं. शुक्रवारी प्रसूतिगृहाच्या मोठ्या बाई या पानांची चाचणी घेणार होत्या. त्यांनी नको म्हटलं की सगळं कपाटात जाणार, आणि आईचं बोलणं आईबरोबरच संपणार.

धाकटीचा एक हट्ट होता: ज्या पानातून पुढे जाता येत नाही तो कोंडवाडा. म्हणून तिने पानापानाला निळ्या शब्दांची दारं ठेवली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं तिच्या दारांना मोजमाप नव्हतं.

शुक्रवारी पलंगावर सरावाची रबरी बाळंतीण निजवली होती. नळीतून लाल पाणी सुटलं आणि मोठ्या बाई म्हणाल्या, रक्त थांबत नाहीये. शिकाऊ नर्सने संगणकावर रक्तस्रावाचं पान झटकन काढलं. इथवर उत्तम. त्या पानावर अकरा निळे शब्द होते. तिने ‘वार’ दाबला, तिथून नाळ, नाळेवरून जुळी. वाचता वाचता ती अशी हरवली की चेहऱ्यावर हसू आलं. लाल पाणी फरशीवर टपकत राहिलं.

घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून आणलेली आई कोपऱ्यात बसली होती. ती उठली. तिच्या लेखी ती बाळंतीण रबराची नव्हतीच.

“वाचतेस काय? आधी हाक मार. मग हात पोटावर ठेव आणि चोळ. घट्ट लागेपर्यंत सोडू नकोस.”

नर्सने तसं केलं. मोठ्या बाईंनी धाकटीकडे पाहिलं. एक ना धड भाराभर चिंध्या, एवढंच बोलल्या आणि सोमवारची वेळ दिली.

दोन दिवस धाकटी त्या पानावरची दारं बुजवत बसली. प्रत्येक शब्दामागे आईचं काहीतरी होतं. तिला रडू येत होतं आणि ती बुजवत होती. बाकीची पानं तिने मोकळी ठेवली, सवडीने हिंडायला. या पानावर आईचं शुक्रवारचं तेवढं बोलणं उरलं, आणि तळाशी एकच दार: ‘रक्त थांबलं’.

सोमवारी पान उघडताच नर्सने हाक मारली आणि तिचा हात पोटावर गेला. मोठ्या बाई म्हणाल्या, आजपासून वापरा.

धाकटी धावतच घरी आली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि कसली चाचणी, असं विचारलं. मग धाकटीने पानच उघडून पुढे ठेवलं. आईने चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं.

“कोण गं ही? जाणती दिसते,” आई म्हणाली. “अडलं तर हिला विचारत जा.”

“विचारते,” धाकटी म्हणाली.