तिलोमाईच्या पोटावरचं तेल

मित्रांनो, मी दूर समुद्रातल्या सवाई नावाच्या बेटावरची एक जुनी काचेची बाटली आहे. मी कारखान्यात घडले आणि लिंबाचं सरबत पोटात घेऊन बोटीने इथं आले. सरबत संपल्यावर सिएनीमावशीने मला घासूनपुसून माझ्यात उन्हात काढलेलं खोबरेल भरलं. पोट चोळण्यात मावशी वाकबगार. मूल रडत यायचं आणि हसत जायचं. "मावशीच्या हाताला गुण आहे," असं म्हणत लोक माझ्याकडेही कौतुकाने बघायचे. मग काय, मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले!

आमच्याकडे वर्षातून एक रविवार मुलांचा असतो. मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेली धर्मग्रंथातली वचनं म्हणतात. मग पंगतीला आधी तीच बसतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, वर आइस्क्रीम. सोमवारी निम्म्या गावाची पोरं पोट धरून मावशीच्या ओसरीवर!

अशाच एका सोमवारी फुआतिनो आपल्या आठ वर्षांच्या तिलोमाईला कडेवर घेऊन आली.

"काय गं ढमे, अख्खं डुक्कर गिळलंस की काय?" मावशीने थट्टा केली.

ओसरी हसली. तिलोमाई मात्र हसली नाही. मावशीने माझ्यातलं तेल हातावर घेतलं आणि चोळायला लागली. अंग तापलेलं, पोट फळीसारखं कडक.

"नको ना मावशी! इथं उजवीकडे फार दुखतंय."

"पोटातली गाठ सुटताना दुखायचंच, बाळा. सोस थोडं."

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं. तिलोमाई वाचली नाही.

तिने पंगतीत घासही खाल्ला नव्हता, हे मागाहून कळलं. तिचं ताट धाकट्या भावाने संपवलं होतं. रविवारी सकाळपासूनच तिच्या बेंबीजवळ दुखत होतं, पण वचन म्हणू देणार नाहीत या भीतीने ती गप्प राहिली. काय खाल्लंस, हे तिला आम्ही कुणी विचारलंच नाही.

तिला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी मावशी फुआतिनोच्या दारात जाऊन बसली. डोक्यावरून तिने घरातली सर्वांत उंची चटई ओढून घेतली होती आणि मला मांडीत धरलं होतं. हातून अपराध झाला की आमच्यात असंच बसतात. समोरच्याने चटई उचलली, तर क्षमा मिळाली म्हणायचं. ऊन चढलं, तरी कुणी बाहेर येईना. मावशी चटईखालून हलली नाही. मला तर फुटून जावंसं वाटत होतं.

अखेर फुआतिनो आली. तिने चटई उचलली.

"ऊठ, मावशी. मीच आणलं होतं ना तिला तुझ्याकडे!"

दोघी गळ्यात पडून रडल्या.

मावशी अजूनही पोट चोळते, पण आधी विचारते, कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, काय खाल्लंस? मग म्हणते, "उडी मार बघू." ज्याला उडी मारवत नाही, ज्याला ताप आहे, ज्याचं पोट कडक लागतं, त्याला ती तेलाचं बोटही लावत नाही. तडक दवाखान्यात पाठवते.

मित्रांनो, सण बुडेल म्हणून दुखणं लपवू नका. तिलोमाईने वचन न अडखळता म्हटलं होतं. सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ती पोटावर हात दाबून उभी होती.