रुपचंदच्या सुया

शहाऐंशीच्या श्रावणात गिरधरला पिसाळलेलं कुत्रं चावलं. दुसऱ्या दिवशी बायको लताबाई त्याला ओढतच पारोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोटरीवरचे दातांचे व्रण पाहिले, मग मनगटावरचा भगताचा गंडा.

"पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची. नाही घेतलीस तर तडफडून मरशील. तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार?"

बाकावरची माणसं हसली. गिरधर उठला आणि तडक गावाकडे निघाला.

मरणाची भीती त्यालाही होतीच. कपाशी निंदताना थुंकी गिळली तरी तो गळा चाचपून बघे. पण सुयांचं नाव निघालं की थोरला भाऊ रुपचंद डोळ्यांपुढे येई. चौघांनी खाटेवर दाबून धरलेला, पोटात सुई, आणि दुसऱ्या दिवशी तिरडी.

लताबाईनं गावात येणाऱ्या नर्सबाईंना, लिलाबाईंना, गाठलं. त्या शेतावर आल्या. रागावल्या नाहीत. विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली साबण लावून त्यांनी जखम धुतली आणि बांधावर बसून विचारलं, "भाऊ, तुमले भेव कसानं वाटस?"

आपली बोली ऐकून गिरधर जरा सैलावला. "सुयासनं. मना भाऊनी बी लिध्यात. तरी मरी गया."

"कुत्रं चावताच लिध्यात?"

"नही. पहिले भगतकडे लई ग्यात. महिनाभर दोरा बांधेल व्हता. पानी दखीसन वरडाले लागना, तव्हय सुया..."

तो थांबला. त्याची नजर मनगटावरच्या गंड्याकडे गेली.

"म्हंजे त्याले सुयासनी नही मारं?"

"नही, भाऊ. त्या उशिरा पोचन्यात. तुमनाकडे आते येळ शे. पन किती शे, ते माले बी माहित नही."

हे ऐकून तो आणखीच घाबरला. पण त्या भीतीनं त्याला दवाखान्यात नेलं. लिलाबाई सोबत गेल्या. पहिली सुई टोचली तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढे रुपचंदच होता. तरी तो रोज जात राहिला. पोट सुजून दगडासारखं झालं.

सुया संपल्या, धास्ती संपली नाही. कापूस घरात आला तरी लताबाई रोज सकाळी पाण्याचा तांब्या त्याच्या हाती देई आणि रुपचंदसारखा तो पाण्याला भितो का, ते श्वास रोखून बघत राही. घोट उतरला की मग दोघं कामाला लागत.

संक्रांतीनंतर एका सकाळी ती तांब्या द्यायला विसरली. गिरधरनं स्वतःच माठातून पाणी घेतलं, प्यायला, आणि भिंतीला टेकून कितीतरी वेळ रडत बसला.