चुड्यासाठी सेवादास मेला

बासष्ट सालच्या कापूस वेचणीत रुपीबाईच्या बोटाला फुरसं चावलं. फुरसं लहान होतं, मारोतरावांचं वावर मोठं होतं, त्यामुळे ते काही सापडलं नाही. रुपी मरणार असं आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती मेली नाही. दोन उलट्या झाल्या, हिरड्यांतून थोडं रक्त आलं आणि सकाळी तिनं भाकर मागितली. आमच्या बंजारा तांड्याला फार आनंद झाला. नायक हिरासिंग म्हणाला, आपल्या तांड्याच्या बायांना साप लागू पडत नाही. हात तेवढा सुजला होता.

आमच्याकडे लग्नात बाईच्या दोन्ही हातांत चुडा भरतात. हस्तिदंताच्या पांढऱ्या बांगड्या, मनगटापासून कोपरापर्यंत आणि तिथून वर दंडावर, एकीला एक चिकटून. रुपीचा चुडा ती पोरगी असताना तेल लावून भरला होता. पुढे हात वाढला, बांगड्या वाढल्या नाहीत. हा चुडा नवरा मेल्यावरच उतरतो. त्याआधी उतरवला तर नवरा मरतो. म्हणजे कुठूनही सुरुवात केली तरी नवऱ्याचं काही खरं नाही.

सूज बांगड्यांच्या फटींतून बाहेर येऊन राहिली होती. भिजल्या ज्वारीचं पोतं सुतळीनं जागोजागी आवळावं तसा तो हात दिसे. पंजा आधी लाल होता, मग वांग्यासारखा झाला. मारोतरावांना वाटलं, साप आपल्या वावरातला, तेव्हा थोडी जबाबदारी आपलीही. त्यांनी दमणी जुंपली आणि रुपीला व तिच्या नवऱ्याला, सेवादासला, आर्णीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर पेपर वाचत होता. वर हिमालयात चीनशी लढाई चालू होती. त्यानं रुपीची बोटं दाबली, नख दाबून सोडलं, ते पांढरं झालं नाही की लाल झालं नाही. मग तो म्हणाला, "विषानं हे झालेलं नाही. या बांगड्यांनी झालंय. रक्त खाली जातच नाही."

"मंग?" सेवादासनं विचारलं.

"पाटाच्या शेवटच्या वावराचं पाणी तुटलं की ते आधी वाळतं ना? शरीराचं तसंच आहे. हाताची बोटं, पायाची बोटं, नाकाचा शेंडा, ही शेवटची वावरं. तिकडे बर्फात जवानांची बोटं आणि नाकं काळी पडून राहिलीत. थंडीनं रक्त गोठतं म्हणून. इथं थंडी नाही, तर तुम्ही बांगड्या घातल्यात. आत्ता कापतो. बोटांत अजून थोडी ऊब आहे."

त्यानं कानस काढली. रुपीनं हात मागं घेतला.

"हे जित्ते हायेत," ती नवऱ्याकडे मान करून म्हणाली. "जित्त्या मान्साच्या बायकोचा चुडा काढतेत का?"

"रुपी, मी सांगतो ना, काढ," सेवादास म्हणाला.

"तुमाले काय, तुमी मरसान. मांगं रायनार मी."

डॉक्टरनं मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी बाहेर बैलांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "आज बांगड्या कापू द्या, नाहीतर मग हात कापावा लागेल." रुपी म्हणाली, हात माझा आहे, नवरा काही फक्त माझा नाही, त्याला आई आहे. आणि ती दमणीत जाऊन बसली.

ही आई म्हणजे धनीबाई. तिच्या नाकाची डावी पाळी नव्हती. लग्नात भुरिया, म्हणजे आमच्याकडची नथ, घालायला टोचलेलं नाक पिकलं, सुजलं, काळं पडलं, तरी तिनं ती काढली नव्हती. एके दिवशी भुरिया आपणच गळून पडली, नाकाच्या तुकड्यासकट. ती रिकामी जागा धनीबाई अभिमानानं दाखवी, जसे लोक पदक दाखवतात. तिनं सुनेचा हात पाहिला आणि म्हणाली, "माह्यं नाक गेलं. पन तुह्या सासऱ्याले चाळीस वर्सं काई झालं नाई. बैल अंगावर पडला तरी मेला नाई."

"पन बैल मेला ना याडी," सेवादास आईला म्हणाला.

"त्याच्या बायकोच्या नाकात भुरिया नोती."

सेवादास उठला, नायकाच्या दारात गेला आणि म्हणाला, "नायक, मले मरायचं हाये."

हिरासिंग चिलीम भरत होता. "काहून?"

"मी मेलो का चुडा निघते. हात वाचला का मंग जित्ता होतो. नवा चुडा भरू, मोठ्या मापाचा."

नायकानं पुष्कळ विचार केला. असं आधी कुणी केलं नव्हतं, पण करू नये असंही कुणी सांगून गेलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मरता येईन. पन मरनं म्हंजे मरनं. अर्धवट चालनार नाई. उद्या देवानं इचारलं तं तांड्याचं तोंड कुठी ठेवायचं?"

रुपीला विचारलं. "सगळं रीतीनं होईन ना?" ती म्हणाली. "मंग ठीक हाये."

मग रीत सुरू झाली. अंगण सारवलं. सेवादासला आंघोळ घातली. तो म्हणाला, पाणी थंड आहे. नायक म्हणाला, मुर्द्याला कळत नाही. आर्णीहून पांढरं कापड आणवलं. त्यात सेवादासला निजवलं, पायाचे अंगठे बांधले. रुपी भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

"लवकर करा," कापडातून आवाज आला.

"मुर्दा बोलते का रे?" नायक म्हणाला.

"तिचा हात पाहा."

"मुर्दा पाह्यते का?"

सेवादासनं डोळे मिटले. तांड्यात घाई असलेला तो एकटाच, आणि तोच मेलेला. त्यामुळे कामाला काही वेग येईना.

आता फक्त रडणं राहिलं होतं. पहिला हंबरडा आईनं फोडायचा, मग बाकीच्या बायांनी, मग दगडानं चुडा फोडायचा. आईच्या आधी दुसऱ्या कुणी रडायचं नाही. आणि धनीबाई रडेना.

"जित्त्या पोरावर रडू?" ती म्हणाली. "माह्या डोयात पानी नाई."

"नाटक हाये हे, याडी," कापडातून सेवादास म्हणाला.

"नाटक हाये तं मंग तूच रड."

नायकानं समजावलं. बायांनी समजावलं. एकीनं कांदा आणला. धनीबाईनं तो चिरून वरणात टाकला. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. सेवादासवर माश्या बसू लागल्या, तो हलू शकत नव्हता. दोनदा उठून बसला, दोनदा त्याला निजवलं. तिसऱ्यांदा तो अंगठ्यांची दोरी सोडून उठला तेव्हा त्याच्या हातात पाटा-वरवंट्यातला वरवंटा होता. तो सरळ रुपीकडे गेला. रुपीनं हात पाठीमागं लपवला आणि म्हणाली, "याडी रडली नाई अजून. तुमी असे उठून आले तं खरंच मरसान. जा, निजा."

तो जाऊन निजला.

धनीबाईनं तिथंच चुलीवर चहाचं भगुनं ठेवलं होतं. मुर्दा असला तरी बसलेल्या माणसांना चहा लागतो. तिनं भगुनं उतरवून खाली ठेवलं, रुपीच्या मांडीशेजारी. रुपी जरा सरकली आणि तिची काळी बोटं भगुन्याला जाऊन टेकली. भगुनं उकळतं होतं. बोटं तिथंच राहिली. रुपी सेवादासकडे पाहत बसली होती, बोटांकडे तिचं लक्षच नव्हतं.

धनीबाईनं ते पाहिलं. कातडं भाजल्याचा वास आला तेव्हा तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला, जिथं पाळी नव्हती तिथं. मग तिनं असा हंबरडा फोडला की दारातली बकरी दावं तोडून पळाली.

बाकीच्या बाया सुटल्या. चुडा फोडला, रीतीप्रमाणे दोन्ही हातांतला. सुजल्या हातावर बांगड्यांच्या खाली खोल चऱ्या पडल्या होत्या. कोपराजवळ हळूहळू लाली आली. आम्ही सगळे खाली वाकून ती लाली पंजापर्यंत यायची वाट पाहत राहिलो. ती मनगटाच्या वरच थांबली.

मारोतरावांनी रुपीला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिचा हात कोपराखालून काढला. त्यांनी हाताचं काय करायचं विचारलं, तेव्हा सेवादास म्हणाला, आम्ही नेतो. गुंडाळायला दमणीत एकच कापड होतं. सेवादासला ज्यात निजवलं होतं तेच. ते अजून कोऱ्यासारखंच होतं, घाईत घडीसुद्धा नीट घातली नव्हती.

रुपी चालायला लागली तेव्हा तिला सोबत घेऊन दोघं परतले. तोवर हात मारोतरावांच्या ओळखीनं दवाखान्यातच मीठ घालून ठेवला होता. नाल्याच्या काठी लाकडं रचली. तांडा जमला. कापडातला मुर्दा या वेळी काही बोलला नाही.

"आग कोन देईन?" कुणीतरी विचारलं.

"नवरा," नायक म्हणाला. मग थांबला. "पन हा तं मेला हाये. याले जित्तं केलंच नाई अजून."

सगळे सेवादासकडे पाहू लागले. तो जळतं लाकूड हातात घेऊन उभा होता आणि खरोखरच जिवंत दिसत नव्हता.

तेव्हा रुपीनं उरलेला हात पुढं केला. "आधी हा भरा," ती म्हणाली. "रिकामा हाये तवापासून मले झोप नाई. हे असेच मरून फिरून राह्यले." मग म्हणाली, "ढिल्ल्या भरा."

नव्या बांगड्या धनीबाईनंच भरल्या. प्रत्येक बांगडी घालताना ती आत दोन बोटं घालून पाहत होती, मग तीन. रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं.

सेवादासनं आग दिली. छोटासाच जाळ होता, लवकर विझला. परतताना रुपी पदर सावरायला गेली तेव्हा एक बांगडी घसरली, पंजावरून निसटली आणि उतारावरून गडगडत नाल्यात गेली.

बांगडीकडे कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांनी सेवादासकडे पाहिलं.

"हाव ना," सेवादास म्हणाला, "हाये मी."