आधी मासा, मग माणूस

त्या मच्छीमारी तळावर जाळी शिवणाऱ्याला सगळे गाठ्या म्हणायचे. त्यानं मारलेली गाठ सुटल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. या कौतुकाचा त्याला आता वीट आला होता. कौतुक चुलीत घाला! कौतुकावर बसून घरी जाता येतं का?

तळ म्हणजे खडकावरच्या पत्र्याच्या खोल्या, बर्फाची कोठी आणि हंगामभर न वाळणारे कपडे. रस्ता नावाला नाही. आठवड्याला एक लाँच यायची; तिच्या आदल्या रात्री सगळ्या होड्या मिळून एकच मोठं जाळं टाकायच्या आणि सकाळची ताजी मासळी ती घेऊन जायची. नियम एकच: आधी मासा, मग माणूस. पेट्या चढवून जागा उरली, तर ज्याला जायचं त्यानं बसावं. नाही उरली, तर पुढच्या लाँचपर्यंत बोंबलत बसावं.

गाठ्याला जायचं होतं. बायकोचे दिवस भरत आले होते. थोरली झाली तेव्हा हा इथंच, जाळ्यात मान घालून. घरी पोचला तर घरात चोर शिरल्यासारखी पोरगी त्याला बघून किंचाळली. या खेपेला निघताना बायकोनं बजावलं होतं, "आता मी ओळख करून देणार नाही हं. वेळेवर या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा." त्यानं शब्द दिला होता.

आणि मासळी अशी लागली होती की विचारू नका. मागची लाँच काठोकाठ भरून गेली, तिच्या आधीचीही. मुकादम पाठीवर थाप मारत म्हणाला, "जाळं कुणाच्या हातचं आहे शेवटी!" गाठ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझंच चुकतंय," भांडी विसळत आचारी म्हणाला. "तू शिवतोस झकास, म्हणून पेट्या भरतात. पेट्या भरतात, म्हणून तू राहतोस. जरा वाईट शिवायला काय घेशील?"

आचारी गमतीनं बोलला, पण गाठ्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लाँच यायच्या आदल्या दिवशी जाळ्याच्या पोटाशी दोनचार गाठी त्यानं नुसत्या गुंडाळून सोडल्या, आवळल्याच नाहीत. थोडी मासळी निसटेल, एका माणसापुरती जागा होईल, बस. हात ऐकेनात मेले, सवयीनं आवळायला जायचे. त्यानं स्वतःच्याच हातांना शिवी हासडली.

सकाळी होड्या परतल्या त्या रिकाम्या. मासळीचा लोंढा आला, सैल गाठी सुटल्या आणि ताणासरशी जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. त्याच्या चिंध्या खडकावर पसरल्या होत्या. पण धक्क्याला लाँच लागली होती. आत एक पेटी नाही, जागाच जागा. तो धावत जाऊन पिशवी घेऊन आला.

"मुकादम, आज तरी जाऊ ना?"

मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना? आणि हे कोण शिवणार, मी?"

"पण जागा आहे..."

"जागा आहे रे, जाळं कुठाय? तुझ्या गाठी कधी सुटत नाहीत, हा दर्याच माजलाय. तू नसतास तर आज तळ बंद करावा लागला असता. बस, लाग कामाला. आचारी, तू जा लाँचनं, सूत घेऊन ये."

आचाऱ्याला ना घरची ओढ होती ना जायची घाई. तो अंगावरच्या कपड्यांनिशी लाँचमध्ये चढला आणि गाठ्यासाठी रिकामी राहिलेल्या फळीवर पाय पसरून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाठ्याला ओरडावंसं वाटलं की दर्या नाही, मीच केलं हे. पण मग तर घरही गेलं आणि कामही.

"वहिनींना काय सांगू?" लाँच सुटताना आचाऱ्यानं विचारलं.

"सांग, जाळं फाटलं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि सूत जाड आण."

लाँच वळली. त्यानं पिशवी खडकावर टाकली, सुई काढली आणि पहिली गाठ इतकी करकचून आवळली की दोरा बोटात रुतला.