रतनबाईंचा राहिलेला बाप्तिस्मा

रतनबाई सत्तरीला टेकल्या तरी त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. घर ख्रिस्ती, पण जन्म ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आईबाप वर्षातले सहा महिने गावाबाहेर. पुढे 'झाला असंल' असं जो तो धरून चालला. फेब्रुवारीत त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अंथरुणावरून त्यांनी सुनेला सांगितलं, "ज्योती, माझा बाप्तिस्मा झालेलाच न्हाई. आता करून घ्यायचाय."

खर्ड्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर पंचवीस घरांची मंडळी, म्हणजे छोटं चर्च. तिथं बाप्तिस्मा म्हणजे ओढ्यात पूर्ण बुडवून. ओढा कोरडा पडलेला, आणि रतनबाईंची जखम चिघळल्यामुळे डॉक्टरांनी ती भिजू द्यायची नाही म्हणून बजावलेलं. मंडळीचे जुने पंच बन्सी साळवे म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत थांबा. डोक्यावर पाणी घातलेलं आपल्यात चालत न्हाई."

रतनबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ज्योती शाळेत शिकवायची आणि घरी बसून पोस्टानं मंडळीच्या इतिहासाचा कोर्स करायची. एका रविवारी दुपारी धडा वाचता वाचता ती ताडकन उठली. तोच परिच्छेद तिनं उभ्यानं पुन्हा वाचला, पुस्तक पिशवीत टाकलं आणि भर उन्हात स्कूटी काढली.

चर्चसमोर टँकर आला होता. पाळक सुनील आणि बन्सी नळी धरून पिंप भरत होते.

"पाळक साहेब, हे बघा," ज्योतीला धाप लागली होती. "येशूच्या प्रेषितांनंतर थोड्याच वर्षांत लिहिलेलं एक छोटं पुस्तक होतं, ते ह्या कोर्सच्या पुस्तकात छापलंय. त्यात बाप्तिस्मा कसा द्यायचा ते सांगितलंय. वाहतं पाणी असलं तर त्यात. नसलं तर दुसऱ्या पाण्यात. गार नाही चाललं तर कोमट. आणि तेवढंही पाणी नसलं तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीन वेळा डोक्यावर ओतायचं."

सुनीलनं ओले हात शर्टाला पुसले आणि पुस्तक घेतलं. वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला. "बन्सीमामा, त्या लोकांनापण पाण्याची टंचाई माहीत होती बरं का."

"बायबलात हाय का हे?" बन्सींनी विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

सुनील पिंपाला टेकला. "मामा, शास्त्र ते शास्त्रच. हे त्याच्या जागी बसवायचं नाही. जुन्या मंडळ्यांनी हे आवडीनं वाचलं, तरी शास्त्रात घेतलं नाही. पण शास्त्रात लोक बाप्तिस्म्याला पाण्यात उतरले एवढं सांगितलंय, पाणीच नसलं तर काय करायचं ते नाही सांगितलं. प्रेषितांच्या इतक्या जवळच्या माणसांनी तेव्हा काय केलं, ते इथं दिसतंय. त्यांचं ऐकून तर घेऊ."

पिंप भरून पाणी वाहू लागलं तेव्हा बन्सींनी नळी उचलली. "अजून काय लिवलंय त्यात?"

"बाप्तिस्मा देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं आधी उपास करायचा," ज्योती म्हणाली. "बाकीच्यांना जमलं तर त्यांनीपण."

"मग अर्धंच कसं घेता? ते पन करायचं."

शनिवारी सुनीलनं उपास केला. रतनबाईंना गोळ्या होत्या, म्हणून त्या दुधावर राहिल्या. बन्सींना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही दिवसभर काही खाल्लं नाही.

रविवारी रतनबाईंना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये आणलं. सगळी मंडळी दाटून उभी होती. बन्सींनी स्वतः तांब्या भरून दिला आणि जखमेवर प्लास्टिक नीट गुंडाळलंय का ते ज्योतीला दोनदा विचारलं. सुनीलनं तीन वेळा पाणी ओतलं. तिसऱ्या वेळी रतनबाई हसायलाच लागल्या, आणि डोळे पुसायला त्यांना पदर सापडेना.

घरी आल्यावर त्यांनी ज्योतीला जवळ बोलावलं. "ते पुस्तक आन. अजून काय काय हाय त्यात, सगळं वाचून दाव."

"आत्याबाई, ते बायबल नाही हं."

"ठाव हाय मला. बायबल आत्ताच चर्चमदी आइकलं. आता हे वाच."